माशाच्या शरीराचा पावसाळी जमाखर्च

मृगाचा पाऊस लागला की पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्याचे रूप पालटते. ताम्हिणीच्या डोंगरांतून लालसर पाणी घेऊन ओढे धावू लागतात, भाताची खाचरे तुडुंब भरतात आणि नदी-तलावांतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. खेड्यातल्या मुलांना हे ‘चढणीचे मासे’ चांगले परिचयाचे असतात. असा एखादा मासा चिरला, तर त्याच्या पोटाची पोकळी गाभोळीने गच्च भरलेली दिसते. रोहू, कटला यांसारख्या कार्प कुळातील माशांच्या पूर्ण वाढलेल्या मादीत या दिवसांत अंडाशयाचे वजन शरीराच्या एकूण वजनाच्या दहा ते वीस टक्क्यांपर्यंत भरते. म्हणजे दोन किलोच्या मादीच्या पोटात २०० ते ४०० ग्रॅम नुसती अंडी!

एवढे द्रव्य आले कोठून? काही महिन्यांपूर्वी याच मादीचे अंडाशय एखाद्या बारीक फितीसारखे होते. तिने खाल्लेले किडे आणि शेवाळ काही सरळ अंडाशयात जाऊन बसत नाही. अन्न पचते, त्याचे मेद आणि प्रथिने होतात, ती शरीरात साठवली जातात. मग एक दिवस हा साठा मोडायचा, त्याचे रूपांतर करायचे आणि तो अंड्यांत भरायचा, असा हुकूम सुटतो. हा हुकूम कोण सोडतो, आणि तो माशाच्या कोणकोणत्या अवयवांना पाळावा लागतो, ते आज आपण पाहू.

रक्तातून जाणारे निरोप

तुम्ही शाळेत संप्रेरकांची माहिती वाचली असेल. नलिका नसलेल्या ग्रंथींतून हे रासायनिक पदार्थ थेट रक्तात मिसळतात आणि दूरच्या अवयवांना निरोप पोहोचवतात. माशातही हीच व्यवस्था आहे. दिवस मोठा होऊ लागला, पाणी तापू लागले की मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाला त्याची जाणीव होते. तो भाग पीयूषिका ग्रंथीला चेतावणी देतो. वाटाण्याहूनही लहान अशी ही ग्रंथी आपली संप्रेरके रक्तात सोडते. त्यांच्यामुळे मादीचे अंडाशय आणि नराचे वृषण जागे होऊन स्वतःची संप्रेरके तयार करू लागतात. त्यांनाच आपण लैंगिक संप्रेरके म्हणतो.

मादीचे मुख्य संप्रेरक म्हणजे इस्ट्राडिओल. नराची दोन आहेत: एक टेस्टोस्टेरॉन आणि दुसरे ११-कीटोटेस्टोस्टेरॉन. आपल्या शरीरात टेस्टोस्टेरॉनला महत्त्व आहे, पण अस्थिमत्स्यांच्या नरात खरा कारभार बहुधा दुसऱ्याकडे असतो. येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. मादीच्या अंडाशयातही आधी टेस्टोस्टेरॉनच तयार होते. अंड्याभोवतालच्या पेशी एका विकराच्या साहाय्याने त्याचे इस्ट्राडिओल बनवतात. म्हणजे ‘नराचे’ आणि ‘मादीचे’ असे म्हटले तरी ही संप्रेरके एकाच घरातली भावंडे आहेत.

रक्त तर सगळ्या शरीरात फिरते. मग निरोप सगळ्यांनाच का लागू होत नाही? कारण तो वाचण्यासाठी पेशीत एक विशिष्ट प्रथिन असावे लागते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे संप्रेरक ग्राहीत बसते, आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकातील ठराविक जनुके जागी करते. ज्या पेशीत ग्राही नाही तिच्या दारावरून संप्रेरक तसेच पुढे निघून जाते. मात्र इस्ट्राडिओलचे ग्राही केवळ जननेंद्रियांत असतात असे समजू नका. यकृतात ते मुबलक असतात. मेंदू, स्नायू, त्वचा आणि खवले यांतही ते सापडतात. म्हणूनच या संप्रेरकांचा परिणाम साऱ्या शरीराच्या चयापचयावर होतो.

यकृताचा कारखाना

पहिला निरोप यकृताला मिळतो. एरवी यकृत माशाचे कोठार असते. त्यात ग्लायकोजेन आणि मेद साठवलेला असतो. इस्ट्राडिओल पोहोचताच त्याचा कारखाना होतो. यकृताच्या पेशी फुगतात, त्यांतील प्रथिने तयार करणारी यंत्रणा वाढते आणि व्हायटेलोजेनिन नावाचे एक मोठे प्रथिन भराभर बाहेर पडू लागते. हे नुसते प्रथिन नाही. त्याला मेद, फॉस्फरस आणि शर्करा जोडलेल्या असतात, आणि कॅल्शियमही ते आपल्याबरोबर वाहून नेते. पिल्लाला लागणारी सगळी शिदोरी जणू एकाच गाठोड्यात बांधलेली असते!

हे गाठोडे रक्तातून अंडाशयापर्यंत जाते. वाढणारे अंडे ते आत ओढून घेते, त्याचे लहान तुकडे करते आणि पिवळा बलक म्हणून साठवून ठेवते. गाभोळीतील दाण्यांचे बहुतेक द्रव्य असे यकृतात तयार झालेले असते. अंडी वाढत असताना मादीचे यकृत तिच्या शरीराच्या मानाने मोठे होते, ते यामुळेच.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे. व्हायटेलोजेनिन तयार करण्याचे जनुक नराच्या यकृतातही असते! फरक इतकाच, की नराच्या रक्तात इस्ट्राडिओल अगदी थोडे असल्यामुळे ते जनुक आयुष्यभर झोपलेले राहते.

मेद, स्नायू आणि खवले

कारखाना चालायचा तर कच्चा माल हवा. तो कोठून येतो?

पहिला माल मेदाचा. माशाच्या आतड्याभोवती पांढरी चरबी असते, ती तुम्ही मासे साफ करताना पाहिली असेल. अंडी भरू लागली की ही चरबी झपाट्याने कमी होते. मेद सुटा होऊन यकृताकडे जातो.

दुसरा माल प्रथिनांचा. खाण्यातून मिळालेली प्रथिने पुरली नाहीत तर स्नायूंना हात घालावा लागतो. ट्राउट माशांवरील प्रयोगांत असे दिसले आहे, की इस्ट्राडिओल दिल्यावर स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढते आणि सुटी झालेली अमिनो आम्ले इतर कामांसाठी वापरली जातात. अंडी भरलेल्या मादीचे मांस मऊ आणि पाणचट लागते, अशी जाणत्या माणसांची तक्रार असते, ती उगीच नव्हे.

तिसरा माल कॅल्शियमचा, आणि याची हकिकत सर्वांत नवलाची आहे. कोंबडीला अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम लागते म्हणून ती हाडांतून ते काढते, हे तुम्ही ऐकले असेल. माशाच्या अंड्याला कवच नसते, पण बलकाला कॅल्शियम लागतेच. पाण्यातून ते कल्ल्यांवाटे मिळते. शिवाय गोल्डफिश आणि ट्राउट या माशांत इस्ट्राडिओलच्या प्रभावाने खवल्यांतले कॅल्शियमही सुटे होते. ज्याला आपण निव्वळ चिलखत समजतो ते खवले अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेवही असतात!

नराच्या अंगावरील खुणा

नराला बलक तयार करायचा नसतो. त्याच्या संप्रेरकांचा खर्च निराळ्या खात्यांवर पडतो. मत्स्यबीज केंद्रात गेलात तर तेथील कामगार रोहू-कटल्याचे नर-मादी कसे ओळखतात ते विचारा. ते माशाच्या छातीच्या पराच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवतात. पावसाळ्यात नराचा पर खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. कार्प कुळातील अनेक जातींच्या नरांच्या डोक्यावर, कल्ल्यांवरील झाकणावर आणि परांवर प्रजननाच्या काळात बारीक कठीण पुळ्या उठतात. नराच्या संप्रेरकांमुळे त्वचेच्या पेशी तेथे वाढून कठीण होतात. हंगाम संपला की त्या झडून जातात.

हा परिणाम त्वचेपुरता थांबत नाही. ट्राउटच्या नराचे हृदय प्रजननकाळात चांगलेच मोठे होते. युरोपातील काटेरी पाठीच्या स्टिकलबॅक माशाची कथा तर आणखी विलक्षण. त्याचा नर पाणवनस्पतींचे तुकडे चिकटवून घरटे बांधतो. त्यासाठी लागणारा डिंक तयार करतो त्याचा मूत्रपिंड! ११-कीटोटेस्टोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडाच्या पेशी फुगतात आणि चिकट प्रथिन गाळू लागतात. जो अवयव एरवी लघवी तयार करतो, तोच काही आठवडे डिंकाचा कारखाना होतो.

नर मोठा की मादी, हे मात्र जातीजातीवर अवलंबून असते. तिलापिया जातीत नर लवकर वाढतो, कारण मादी अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. म्हणून काही मत्स्यशेतकरी तिलापियाच्या अगदी लहान पिल्लांना तीन-चार आठवडे नर-संप्रेरक मिसळलेले खाद्य देऊन सगळे नरच वाढवतात. उलट अमेरिकेतील पिवळ्या पर्च माशात मादी मोठी होते, आणि तेथे इस्ट्राडिओलनेच वाढीला जोर येतो. तेव्हा संप्रेरक एकच असले, तरी त्या जातीच्या जीवनक्रमाला धरून त्याच्या हुकमाचा अर्थ बदलतो.

हिशेब संपतो तेव्हा

हा सारा खर्च किती जड असतो याचे एक उदाहरण पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावरचे. तेथील सॅमन मासे आयुष्यात एकदाच अंडी घालतात आणि लगेच मरतात. त्यांच्यातील कोकॅनी नावाचा सॅमन सरोवरांत राहतो आणि बहुधा चार वर्षांच्या सुमारास मरतो. ओ. एच. रॉबर्टसन या संशोधकाने अशा माशांच्या जननग्रंथी त्यांची वाढ सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने काढून टाकल्या. १९६१ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते मासे नेहमीचा काळ उलटून गेल्यावरही जगले, वाढले, आणि काही तर आठ वर्षांचे झाले! आपले कार्प मासे वर्षानुवर्षे अंडी घालतात. त्यांचा हिशेब इतका निकराचा नसतो. पण पावसाळ्यानंतर त्यांनाही गेलेले मेद आणि स्नायू पुन्हा कमवावे लागतात.

अंगुल ते लोणावळा

या ज्ञानाचा आपल्या देशात मोठा उपयोग झाला. रोहू, कटला हे मासे तळ्यात चांगले वाढतात, त्यांची अंडीही बलकाने भरतात, पण स्थिर पाण्यात ते ती घालत नाहीत. वाहत्या पुराच्या पाण्याची खूण न मिळाल्यामुळे पीयूषिका शेवटचा निरोप सोडतच नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची अंडी मिळवली. म्हणून १० जुलै हा दिवस आजही देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या भागात या कामाचा लाभ झाला तो महासीर माशाला. दख्खनच्या महासीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील माशांवरून. ही मुळा आपल्या मुळशीचीच. तिच्यावर टाटांनी बांधलेल्या धरणाचे पाणी १९२७ पासून कोकणातील भिऱ्याला वीज देते. मुळशीला लागून असलेल्या मावळातील लोणावळ्याला, टाटांच्याच वळवण तलावापाशी, १९७० नंतरच्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी महासीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. तेथे तयार झालेली पिल्ले देशातील अनेक जलाशयांत सोडली गेली.

यात एक बारकावा आहे. टोचणीमुळे अंडी तयार होत नाहीत. ज्या अंड्यांत बलक पूर्ण भरला आहे, त्यांना पिकून बाहेर पडण्याचा अखेरचा हुकूम तेवढा ती देते. इस्ट्राडिओल, यकृत, मेद आणि स्नायू यांचे काही महिन्यांचे काम आधीच झालेले असावे लागते. म्हणून कुशल मत्स्यशेतकरी हिवाळ्यापासूनच प्रजननाच्या माशांना चांगले खाऊ घालतो. उपाशी मादीला कितीही टोचले तरी व्यर्थ!

पाण्यातून येणारे खोटे निरोप

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. नराच्या यकृतातही बलकाचे जनुक झोपलेले असते. समजा, ते चुकून जागे झाले तर?

इस्ट्राडिओल हे संप्रेरक मासा, कोंबडी, गाय आणि मनुष्य या सर्वांत अगदी एकच आहे. माणसाच्या लघवीतून ते रोज थोडेथोडे बाहेर पडते. संततिनियमनाच्या गोळ्यांत वापरला जाणारा इथिनिल इस्ट्राडिओल हा त्याचा कृत्रिम भाऊ. शहराच्या सांडपाण्याबरोबर हे पदार्थ नदीत येतात. शुद्धीकरण केंद्रात त्यांचा बराच भाग नष्ट होतो, पण सगळा होत नाही. इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी अशा केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नर ट्राउट पिंजऱ्यांत ठेवले, तेव्हा त्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन सापडले. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. नंतर तेथील नद्यांत रोच नावाच्या माशाचे असे नर मिळाले, की ज्यांच्या वृषणात अंड्यांच्या पेशी होत्या.

कॅनडातील संशोधक कॅरेन किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर एक आख्खे प्रायोगिक सरोवर तपासले. २००१ ते २००३ या तीन वर्षांच्या उन्हाळ्यांत त्यांनी सरोवरात इथिनिल इस्ट्राडिओल मिसळले. प्रमाण किती? लिटरमागे पाच-सहा नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. हे प्रमाण मुळशीला लावून पाहू. मुळशी तलावात सुमारे ५० कोटी घनमीटर, म्हणजे ५०,००० कोटी लिटर पाणी मावते. लिटरमागे पाच नॅनोग्रॅमने गुणा. उत्तर येते अडीच किलोग्रॅम! एवढ्या अफाट तलावाला एक लहानशी पिशवीभर द्रव्य पुरेल.

आणि परिणाम? त्या सरोवरातील फॅटहेड मिनो या लहान माशांचे नर व्हायटेलोजेनिन तयार करू लागले. नराला ते ठेवायला जागा नाही, कारण बलक ओढून घेणारी अंडी त्याच्याजवळ नाहीत. प्रथिन रक्तात साचत गेले आणि मूत्रपिंडांना इजा झाली. वृषणांची वाढ बिघडली, नवी पिल्ले निपजेनाशी झाली, आणि दोन-तीन वर्षांत सरोवरातील ही जात जवळजवळ नाहीशी झाली. ज्या हुकमाने मादीचे शरीर पिल्लांची शिदोरी बांधते, तोच हुकूम चुकीच्या शरीराला मिळाला की घातक ठरतो. दिलासा एवढाच, की संप्रेरक मिसळणे थांबवल्यावर काही वर्षांत त्या माशांची संख्या पुन्हा पूर्ववत झाली.

मुळा नदी धरणाखालून पौडच्या बाजूने पुण्याकडे जाते. शहरात तिला सांडपाणी येऊन मिळते, त्यातील काही शुद्ध केलेले आणि काही तसेच. अशा पाण्यात माशांना पहिला धोका असतो तो प्राणवायूच्या कमतरतेचा. तो लगेच दिसतो, मेलेले मासे तरंगतात. संप्रेरकांचा धोका असा दिसत नाही. मासा पोहत असतो, खात असतो, फक्त त्याची पुढची पिढी येत नाही. म्हणून सांडपाणी चांगले शुद्ध करून मगच नदीत सोडणे हा केवळ घाण वासाचा प्रश्न नाही.

तुम्ही काय कराल?

यातले काही तुम्हाला स्वतः पाहता येईल. डासांच्या बंदोबस्तासाठी हौदांत सोडलेले गप्पी मासे काचेच्या बरणीत घ्या. लहान, रंगीत तो नर आणि मोठी, फिकी ती मादी. नराच्या पोटाखालचा मागचा पर पाहा. तो काडीसारखा लांब आणि टोकदार झालेला असतो. हा नर-संप्रेरकाचा प्रताप. वयात येताच नराची वाढ जवळजवळ थांबते, मादी मात्र वाढत राहते. पाहून झाल्यावर मासे पुन्हा त्याच हौदात सोडा. नदीत सोडू नका, कारण ते आपल्याकडचे मूळचे नाहीत.

घरी नदीचा अख्खा मासा आणला, तर साफ करण्याआधी त्याचे वजन करा. मग गाभोळी आणि यकृत वेगवेगळे तोला. गाभोळीच्या वजनाला माशाच्या वजनाने भागून शंभराने गुणा. यकृताचेही तसेच करा. एकाच जातीच्या माशांची अशी नोंद जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत ठेवलीत, तर शरीराचा जमाखर्च कसा बदलतो ते तुमच्याच वहीत दिसेल. त्यासाठी मुद्दाम मासे मारण्याची गरज नाही, स्वयंपाकघरात येतात तेवढे पुरे.

आणि पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येऊ लागले, की त्यांच्या वाटेवर जाळी लावणाऱ्या मोठ्या माणसांना एक गोष्ट जरूर सांगा. त्या मादीने कित्येक महिने आपल्या यकृतातून, चरबीतून आणि स्नायूंतून काढून ती शिदोरी बांधलेली आहे. तिला आणखी दोन-चार दिवस वर जाऊ दिले, तर पुढच्या वर्षी त्याच ओढ्यात पुन्हा मासे मिळतील.